शाळेतील डिजिटल उपक्रमाचे निष्कर्ष गावासमोर कसे मांडावेत

जिल्हा परिषदेच्या शाळेत टॅब, स्मार्ट टीव्ही किंवा शिकण्याचे सॉफ्टवेअर आले की उद्घाटनाची बातमी होते आणि फीत कापल्याचे छायाचित्र छापून येते. परंतु वर्ष-दोन वर्षांनी मुलांच्या शिकण्यात त्यामुळे काय फरक पडला, हे त्याच गावाला सहसा कोणी सांगत नाही. अहवाल तयार होतो, तो निधी देणाऱ्या कंपनीला आणि शिक्षण विभागाला सादर होतो, आणि ज्यांच्या मुलांवर हा उपक्रम राबवला गेला त्या पालकांपर्यंत फार तर ‘गुणवत्तेत लक्षणीय वाढ’ एवढेच शब्द पोहोचतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका टॅब उपक्रमाचे निष्कर्ष घेऊन मी ग्रामसभेत उभा होतो. मुलांचे सरासरी गुण किती टक्क्यांनी वाढले, ते मी सांगितले. मागच्या रांगेतील एका शेतकऱ्याने विचारले, “वाढले ते चांगलंच झालं, पण आधी किती होते? आणि टॅब नसलेल्या शेजारच्या गावातल्या पोरांचे किती वाढले?” दोन्ही प्रश्नांची उत्तरे माझ्या हातातील कागदावर नव्हती. हा लेख त्या दोन प्रश्नांतून उभा राहिला आहे, आणि उपक्रम राबवणाऱ्या संस्था, शिक्षक, केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी कार्यालयातील मंडळी यांच्यासाठी तो लिहिला आहे.

सुरुवात टॅब येण्याआधी

निष्कर्ष मांडण्याचे काम अहवाल हाती आल्यावर सुरू होते, ही समजूत सोडून द्यावी लागते. टॅब शाळेत पोहोचण्याआधीच एका पानावर पुढील गोष्टी लिहाव्यात: कोणत्या इयत्तेच्या मुलांना काय यायला हवे आहे, ते आज किती मुलांना येते, वर्षअखेरीस ते कसे तपासले जाईल, आणि अपेक्षित बदल दिसला नाही तर तेही जाहीर केले जाईल. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. ते आधी लिहिलेले नसेल, तर वर्षअखेरीस जो आकडा चांगला दिसेल तोच निवडण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि हा मोह प्रामाणिक माणसांनाही होतो. हे पान शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचून दाखवावे आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यामुळे पुढे निष्कर्ष ऐकताना आपल्याला काय वचन दिले होते, हे त्यांना ठाऊक असते.

सुरुवातीची चाचणीही याच वेळी घ्यावी. ती राहून गेली तर नंतर कितीही कौशल्याने लेखन केले तरी ‘आधी किती होते?’ या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

वाटप, वापर आणि शिकणे यांची सरमिसळ करू नये

एखाद्या उपक्रमाबद्दल तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगता येतात: किती साधने दिली, ती किती वापरली गेली आणि मुले काय शिकली. पहिल्या दोन गोष्टी मोजायला सोप्या असल्यामुळे पत्रकात त्याच वर येतात आणि वाचणाऱ्याचा समज असा होतो की तिसरी गोष्ट त्यांच्या मागोमाग आलीच असेल. तसे होईलच असे नाही. पेरू देशात ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ कार्यक्रमाखाली ग्रामीण शाळांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप देण्यात आले. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासकांनी ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लॅपटॉप मिळालेल्या शाळांत दर विद्यार्थ्यामागे संगणकांचे प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेले होते, मुले ते वापरतही होती. मात्र सुमारे १५ महिन्यांनंतर गणित आणि भाषा या विषयांच्या गुणांत फरक आढळला नाही. सर्वसाधारण विचारक्षमतेच्या चाचण्यांत काही प्रमाणात चांगला बदल दिसला, तोही अभ्यासकांनी नोंदवला. या कार्यक्रमाचे फक्त वाटपाचे आकडे जाहीर झाले असते, तर तो पूर्ण यशस्वी वाटला असता.

म्हणून पत्रकात किंवा फलकावर क्रम उलटा ठेवावा: आधी शिकणे, मग वापर, शेवटी वाटप. वापराच्या आकड्यातही अडचणी सांगाव्यात. वीजबिल थकल्याने जोडणी तुटली, भारनियमनामुळे टॅब चार्ज झाले नाहीत, टीव्ही दुरुस्तीसाठी तालुक्याच्या ठिकाणी पडून राहिला, शिक्षकांची बदली झाली, ही कारणे गावाला आधीच माहीत असतात. ती लपवली तर अहवालातील बाकीच्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

एकाच माहितीतून तीन आकडे निघतात

या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण चुकीचा समज सर्वाधिक येथेच पसरतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका तालुक्यात काही शाळांतील चौथीच्या मुलांना टॅब दिले. वर्षाच्या सुरुवातीस त्यांच्यातील १०० पैकी ४० मुलांना हातच्याची वजाबाकी येत होती, वर्षअखेरीस ६५ मुलांना येऊ लागली. त्याच तालुक्यातील, टॅब न मिळालेल्या पण बाकी बाबतींत सारख्या शाळांत सुरुवातीस १०० पैकी ३९ मुलांना ती येत होती, आणि वर्षअखेरीस ५५ मुलांना.

आता बातमीचा मथळा ‘टॅबमुळे गणितात ६२ टक्के वाढ’ असा देता येईल, कारण ६५ ही संख्या ४० पेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी मोठी आहे. दुसरा कोणी ‘१०० पैकी २५ मुलांची प्रगती’ असे लिहील. गणिताच्या दृष्टीने दोन्ही आकडे चुकीचे नाहीत. परंतु टॅब नसलेल्या शाळांतही १०० पैकी १६ मुले वर्षभरात वजाबाकी शिकली. वर्गातील शिकवण्याने, वय वाढल्याने, घरच्या सरावाने मुले पुढे जातच असतात. टॅबच्या बाजूने जमा करता येतील अशी मुले २५ वजा १६, म्हणजे १०० पैकी ९. आणि दोन्ही गटांतील शाळा सुरुवातीस खरोखर सारख्या होत्या, या गृहीतावर हा आकडाही उभा आहे.

लोकांसमोर मांडायचा आकडा हा ९ आहे. तो लहान वाटतो म्हणून संकोचू नये. एका वर्षात १०० पैकी ९ जास्त मुलांना एखादे कौशल्य येणे ही शिक्षणाच्या क्षेत्रात किरकोळ बाब नाही. आपण वाक्य असे लिहू शकतो: ‘टॅब असलेल्या शाळांत वर्षभरात १०० पैकी २५ मुले हातच्याची वजाबाकी नव्याने शिकली. टॅब नसलेल्या तशाच शाळांत १६ शिकली. म्हणजे टॅबच्या शाळांत दर १०० मुलांमागे ९ मुले अधिक शिकली.’ या तीन वाक्यांत त्या शेतकऱ्याच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत.

तुलनेच्या शाळाच नसतील, तर ‘परिणाम’ आणि ‘-मुळे’ हे शब्द वापरू नयेत. ‘या काळात झालेला बदल’ असे स्पष्ट लिहावे. तुलना उभी करण्याचा एक न्याय्य मार्ग मात्र बहुतेक ठिकाणी उपलब्ध असतो. साधने एकाच वर्षी सर्व शाळांना पुरत नाहीत. तेव्हा ग्रामपंचायतींच्या समोर चिठ्ठ्या काढून निम्म्या शाळांना यंदा आणि निम्म्यांना पुढच्या वर्षी साधने द्यावीत. वशिल्याचा संशय राहत नाही आणि तुलनाही विश्वासार्ह होते.

दिल्लीत शाळेबाहेरील केंद्रांवर वापरल्या गेलेल्या ‘माइंडस्पार्क’ या शिकण्याच्या सॉफ्टवेअरचा अभ्यास अशाच सोडतीवर आधारलेला होता. ६१९ विद्यार्थ्यांचा हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि सुमारे साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ व हिंदीत ०.२३ प्रमाणित विचलन इतका फरक त्यात आढळला. ‘प्रमाणित विचलन’ हा शब्द ग्रामसभेत उपयोगाचा नाही. तो असा उलगडता येतो: गुणांनुसार १०० मुले रांगेत उभी केली आणि एखादे मूल बरोबर मध्ये असेल, तर ०.३७ च्या फरकाने ते सुमारे १४ मुलांना मागे टाकून पुढे जाते. याच अभ्यासातील आणखी एक तपशील सांगायला अनेक जण विसरतात. त्या केंद्रांवर मुले ४५ मिनिटे सॉफ्टवेअरवर आणि ४५ मिनिटे लहान गटात शिकवणाऱ्या व्यक्तीसोबत घालवत होती. हा फरक दोन्हींचा मिळून आहे. तो केवळ सॉफ्टवेअरचा म्हणून सांगणे म्हणजे त्या शिकवणाऱ्यांचे काम पुसून टाकणे होय.

टक्केवारी कधी वापरू नये

वाडी-वस्तीवरील अनेक शाळांत चौथीच्या वर्गात दहा-बारा मुले असतात. १२ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे ८ टक्क्यांहून अधिक. एखादे मूल चाचणीच्या दिवशी तापाने फणफणले असेल तर शाळेची ‘गुणवत्ता’ घसरल्यासारखी दिसते. अशा शाळेचा आकडा ‘१२ पैकी ७’ असाच द्यावा, आणि शाळाशाळांची क्रमवारी लावून ती छापू नये. टक्केवारी केंद्र किंवा तालुका पातळीवरच शोभते.

वाचणाऱ्याला आकड्यामागचे मूल दिसावे, यासाठी चाचणीचा कागदच दाखवावा. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेल्या ‘असर’ पाहणीची ताकद याच साधेपणात आहे. घरी जाऊन एकेका मुलासमोर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असा कागद ठेवला जातो, आणि मूल कुठपर्यंत वाचते ते पाहिले जाते. ग्रामीण भारतात पाचवीतील किती मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकतात, याचा आकडा २०१८ मध्ये ५०.५ टक्के होता, कोविडकाळातील शाळाबंदीनंतर २०२२ मध्ये तो ४२.८ टक्क्यांवर आला आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्क्यांपर्यंत सावरला. हा आकडा ज्यांनी कधी शाळेचे तोंड पाहिले नाही त्यांनाही कळतो, कारण ती गोष्ट त्यांच्या समोर ठेवता येते. आपल्या उपक्रमाचे निष्कर्ष सांगतानाही चाचणीतील एक उतारा आणि दोन उदाहरणे मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावावीत. पालक घरी जाऊन आपल्या मुलाला तेच वाचायला सांगतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

चाचणीला कोण नव्हते

बीड, अहिल्यानगर आणि जालना या भागांतील शाळांत काम करणाऱ्यांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको. जुलैमध्ये सुरुवातीची चाचणी घेतली आणि फेब्रुवारीत शेवटची, तर मधल्या काळात ऊसतोडीसाठी आईवडिलांसोबत गेलेली मुले दुसऱ्या चाचणीत नसतात. ही बहुधा शिकण्यात मागे राहिलेली मुले असतात. ती वगळली गेली की सरासरी आपोआप वर चढते आणि त्याचे श्रेय टॅबला जाते. म्हणून निष्कर्षांच्या पहिल्या परिच्छेदातच सांगावे: सुरुवातीस किती मुले होती, शेवटी किती तपासली गेली, राहिलेली कुठे होती. शक्य असेल तर ज्यांनी दोन्ही चाचण्या दिल्या त्यांचीच तुलना करावी आणि राहिलेल्यांचे सुरुवातीचे गुण स्वतंत्रपणे द्यावेत.

जे टिकले नाही, जे बिघडले आणि जो खर्च आला

निष्कर्ष सांगणारा सर्वाधिक अडखळतो तो येथे. निधी देणारा नाराज होईल, पुढच्या वर्षी काम थांबेल, शिक्षकांचे मन खचेल, अशी भीती असते आणि ती निराधार नाही. तरीही ज्या अभ्यासांनी या क्षेत्राला काही शिकवले त्यांनी नेमक्या याच गोष्टी लपवल्या नाहीत. वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ देण्यात आले, एका संगणकावर दोन मुले बसत. दुसऱ्या वर्षी गणितात ०.४७ प्रमाणित विचलन इतका मोठा फरक आढळला. उपक्रम संपल्यानंतर एक वर्षाने पुन्हा तपासले तेव्हा तो सुमारे ०.१० उरला होता. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने दोन्ही आकडे शेजारी ठेवले. मागे पडलेल्या मुलांना वेगळे बसवून शिकवणाऱ्या ‘बालसखी’ या स्थानिक तरुणींच्या उपक्रमाशीही तुलना केली. तिथला फरक ०.२८ होता, पण एका मुलामागचा खर्च संगणकाच्या मानाने कित्येक पटींनी कमी होता.

गुजरातमध्येच ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या शाळांत झालेला २००८ चा अभ्यास आणखी थेट आहे. संगणकाचा तास नेहमीच्या शिकवण्याच्या जागी ठेवला तेव्हा मुले कमी शिकली, आणि तोच तास शाळेच्या वेळेबाहेर जोड म्हणून दिला तेव्हा त्यांना फायदा झाला. ही माहिती सार्वजनिक झाली नसती, तर त्याच पद्धतीने किती शाळांत शिकवण्याचा तास काढून घेतला गेला असता, याचा विचार करावा.

खर्चाचा आकडा देताना साधनांच्या खरेदीवर थांबू नये. वीज, इंटरनेट, दुरुस्ती, प्रशिक्षण, सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क आणि शिक्षकांचा वेळ धरून दर मुलामागे वर्षाला किती रुपये लागले, ते सांगावे. लोकवर्गणीतून टीव्ही घेतलेल्या गावाला हा हिशेब मागण्याचा पूर्ण अधिकार आहे.

कोणाला आधी, कोणाला नंतर

क्रम चुकला तर बरोबर मजकुरानेही दुखावलेपण येते. आपल्या शाळेचा आकडा शिक्षकांना सकाळच्या वर्तमानपत्रात वाचायला मिळू नये. प्रथम शिक्षक आणि केंद्रप्रमुख, केंद्राच्या शिक्षण परिषदेत. तिथे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण अहवालात त्यांच्याच शब्दांत समाविष्ट करावे. नंतर शाळा व्यवस्थापन समिती, मग ग्रामसभा, आणि सर्वांत शेवटी पत्रकार. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी होणाऱ्या ग्रामसभांपैकी स्थलांतराच्या भागात १ मे मला सोयीची वाटते. तोवर ऊसतोडीला गेलेली कुटुंबे बहुतांशी परतलेली असतात. मात्र केवळ ग्रामसभेवर विसंबू नये, कारण तिथे महिला अनेकदा मागे बसतात आणि बोलत नाहीत. बचत गटाच्या बैठकीत किंवा शाळेतील माता पालकांच्या मेळाव्यात तेच निष्कर्ष पुन्हा सांगितले की प्रश्न येऊ लागतात.

भाषेचा विचारही येथेच करावा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी व माडिया, नंदुरबारमध्ये भिली बोलणाऱ्या पालकांना प्रमाण मराठीतील पत्रक देणे पुरेसे नाही. गावातील एखादा शिकलेला तरुण किंवा अंगणवाडी सेविका यांना आदल्या दिवशी निष्कर्ष समजावून द्यावेत आणि सभेत त्यांनीच बोलावे.

ग्रामसभेत दहा मिनिटांपेक्षा अधिक बोलू नये. चाचणीचा कागद दाखवावा, वरची तीन वाक्ये सांगावीत, काय बदलले नाही ते सांगावे, पुढे काय करणार ते सांगावे आणि उरलेला सगळा वेळ प्रश्नांना द्यावा. उत्तर माहीत नसेल तर कोणत्या तारखेपर्यंत ते आणून देऊ, हे इतिवृत्तात लिहून घ्यावे.

पत्रकारांसाठीचे टिपण

तालुक्याच्या वार्ताहराकडे वेळ कमी असतो, आणि आपण दिलेले पहिले वाक्य बहुधा तसेच छापले जाते. त्यामुळे पाहुण्यांची नावे आणि आभार शेवटी ठेवून, वरच्या कल्पित उदाहरणाच्या आधारे, आणि त्यात वाचनात फरक पडला नाही असे समजून, सुरुवात अशी करता येईल: ‘तालुक्यातील टॅब मिळालेल्या शाळांत वर्षभरात दर १०० मुलांमागे ९ मुले टॅब नसलेल्या शाळांपेक्षा अधिक प्रमाणात हातच्याची वजाबाकी शिकली, वाचनात मात्र दोन्ही प्रकारच्या शाळांत फरक आढळला नाही.’ न झालेला बदल त्याच वाक्यात घातला की तो संपादनात सहज गळत नाही. टिपणात चाचणी कोणी घेतली तेही लिहावे. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीनेच चाचणी घेतली असेल, तर ते लपवू नये. वाचकाला त्या आकड्याचे वजन ठरवता आले पाहिजे.

मुलांची छायाचित्रे आणि नावे

‘आधी नापास, आता हुशार’ अशी एखाद्या मुलाची नावानिशी कहाणी सांगणे टाळावे. ते मूल त्याच गावात मोठे होणार असते आणि ‘नापास’ हा शब्द त्याच्यामागे राहतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे. सॉफ्टवेअरमध्ये जमा झालेले गुण आणि वापराच्या नोंदी हीदेखील मुलांची माहितीच आहे. लहान वर्गात नाव न छापताही ओळख उघड होते: ‘चौथीतील एकमेव भटक्या समाजातील मुलगी’ असे लिहिले की गावाला सांगायचे काही उरत नाही. म्हणून पाचपेक्षा कमी मुलांच्या गटाचा आकडा वेगळा देऊ नये. एखाद्या मुलाचे स्वतःचे गुण त्याच्या पालकांना शाळेत, एकट्याने, कागद हातात देऊन सांगावेत.

जाहीर केल्यानंतर

मोजणीत चूक सापडली, तर ज्या ठिकाणी जुना आकडा सांगितला त्याच ठिकाणी नवा सांगावा: ग्रामसभेत सांगितला असेल तर ग्रामसभेत, वर्तमानपत्रात छापला असेल तर त्याच वर्तमानपत्राला लेखी कळवून. शाळेच्या फलकावर आधीचा आकडा खोडून, तो वाचता येईल असा ठेवून, त्याखाली नवा आकडा आणि तारीख लिहावी. पुढच्या वर्षी चाचणीचा कागद बदलला असेल तर दोन वर्षांचे आकडे एका रेषेने जोडू नयेत. कागद बदलल्याचे आलेखावरच लिहावे.

त्या शेतकऱ्याकडे मी दोन महिन्यांनी परत गेलो. शेजारच्या तीन गावांतील शाळांचे आकडे मिळवले होते. सुरुवातीस दोन्हीकडची मुले सारखीच होती आणि वाढीत फरक होता, पण मी सभेत सांगितला होता त्यापेक्षा बराच कमी. तो कागद त्यांनी शांतपणे वाचला आणि विचारले, “मग पुढच्या वर्षी वाचनासाठी काय करणार?”